ब्रेस घालूनही बाक वाढतोय? आधी व्हेल्क्रो बघा

नमस्कार मंडळी. एप्रिल लागलाय, नाशकात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि दरवर्षी याच दिवसांत मला कण्याला बाक असलेल्या, ब्रेस म्हणजे धडाभोवती व्हेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळायचा कडक साचा घालणाऱ्या मुलांच्या घरून एकसारखे मेसेज यायला लागतात. "मॅडम, मुलगी ब्रेस घालते तरी बाक वाढला. आता ब्रेस बंद करून नुसते व्यायाम केले तर?" गेल्या महिन्यात हाच प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय की आज दुसरं काहीच बोलणार नाही.

आधी प्राथमिक गोष्टी, पटकन. स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळतो आणि सोबत स्वतःभोवती पिळलाही जातो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर तो बाक अंशांत मोजतात, तो कॉब अँगल. 10 अंश किंवा त्याहून जास्त असेल तर स्कोलिओसिस. साधारण 25 ते 40 च्या दरम्यान असेल आणि मुलाची उंची अजून वाढायची असेल तर ब्रेस. त्याहून कमी असेल तर लक्ष ठेवायचं आणि व्यायाम. 45-50 च्या पुढे गेला की सर्जनशी ऑपरेशनबद्दल बोलायचं. हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच, म्हणून पुढे जाते.

नाही, एक मिनिट, एक राहिलं. मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिलं होतं, "मीच तिला जड दप्तर घेऊन पाठवत होते, माझ्यामुळे झालं." ताई, दप्तरामुळे स्कोलिओसिस होत नाही. वाकून अभ्यासाला बसल्यामुळे होत नाही, आणि लहानपणी कडेवर कसं घेतलं त्यानेही होत नाही. या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. तो अपराधीपणा आज, आत्ता, खाली ठेवा. मुलीला तुमची गरज पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी आहे.

आता ब्रेस. [ब्रेस हातात घेऊन] हा बघा. आतून हे जाड पॅड दिसतंय? बाक ज्या बाजूला बाहेर आलाय तिथे हे दाबतं. आणि इथे, उलट बाजूला, ही मोकळी जागा सोडलीय. पॅडने ढकललं की शरीर या मोकळ्या जागेकडे सरकतं, श्वासही तिथेच भरायचा. म्हणजे सगळं काम या पॅडच्या दाबावर. आणि हे पट्टे सैल असतील तर पॅड अंगाला नुसतं टेकतं, दाबत नाही.

सिडकोतून एक सातवीतली मुलगी यायची. 28 अंशांवर ब्रेस सुरू झाला, सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर 34. आई रडायलाच लागली. "अठरा तास घालतो हो, रात्रीसुद्धा काढू देत नाही." आणि ती बाई खोटं बोलत नव्हती. मी म्हटलं, माझ्यासमोर घालून दाखव. तिने उभ्या-उभ्या घातला, पट्टे ओढले, लावले. ब्रेस बनवणाऱ्याने पट्ट्यावर काळ्या मार्करने रेघ मारून दिली होती, इथपर्यंत ओढायचं म्हणून. तिचा पट्टा त्या रेघेच्या दोन बोटं अलीकडेच थांबला. मग मी व्हेल्क्रो जवळून बघितला. सैल लागायचा त्या जागी तो पिंजारला होता, त्यात केस आणि बनियनचे धागे अडकले होते. आणि रेघेजवळचा व्हेल्क्रो नवाकोरा. दुकानातून आणल्यासारखा. तिथे पट्टा सहा महिन्यांत कधी लागलाच नव्हता.

चूक त्या मायलेकींची नव्हती. मी सहा महिने प्रत्येक भेटीत "किती तास?" एवढंच विचारत होते. पट्टा कुठे लागतो ते एकदाही बघितलं नाही. ते अजून सलतं मला. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाचा व्हेल्क्रो मी पहिला बघते.

म्हणून ब्रेस उभ्याने घालू नका. आत बिनशिवणीचं, अंगाला बसणारं सुती बनियन, एकही सुरकुती नको. ब्रेसची खाच बरोबर कमरेवर येऊ द्या. मग पाठीवर झोपवा, गुडघे दुमडा, ब्रेस बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या क्रमाने पट्टे ओढा. उठून उभं राहिलं की एकदा पुन्हा ओढा, कारण उभं राहिल्यावर थोडी ढिलाई येतेच. रेघेपर्यंत. पहिले आठ-पंधरा दिवस हळूहळू तिथे पोहोचायचं असतं, ते ठीक. पण महिन्यानंतरही रेघ लांबच असेल तर घरी सैल करून चालवून घेऊ नका, ब्रेस बनवणाऱ्याकडे जा. कुठे टोचत असेल तर तो ते घासून, कापून देतो, ते त्याचं कामच आहे.

आता तास. अमेरिका आणि कॅनडातल्या 25 केंद्रांनी मिळून एक मोठा अभ्यास केला, 2013 साली छापून आला. मुलांना दिवसाला किमान 18 तास ब्रेस घालायला सांगितलं होतं आणि ब्रेसच्या आत तापमान मोजणारा छोटा सेन्सर बसवला होता, म्हणजे खरे तास कळणार. ब्रेसवाल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या पातळीपर्यंत, म्हणजे 50 अंशांपर्यंत, गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण 48 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवला. पण माझ्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. दिवसाला सरासरी 12.9 तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांमध्ये यश नव्वद टक्क्यांच्या वर. आणि सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांमध्ये? जवळपास ब्रेस न घातल्याइतकंच.

तुम्ही म्हणाल, सहा तास कोण घालतं, आम्ही तर भरपूर घालतो. चला, मोजू. शाळा आणि रिक्षा मिळून सात तास, तिथे नको, मुलं चिडवतात. क्लास तीन तास, तिथेही नको. खेळणं दोन तास, अंघोळ आणि जेवणं दोन तास. झाले चौदा. उरले दहा. त्यात रात्री एक वाजता उकडतं म्हणून काढला आणि सकाळी सहापर्यंत तसाच बाजूला पडला, तर पाच गेले. राहिले पाच. घरात दिवसभर ब्रेसचाच विषय असतो, म्हणून वाटतं की खूप घातला.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत, मुलगा आठवीत. मी त्यांना हे तासांचं समजावत होते तर तेच म्हणाले, "मॅडम, कळलं. वेल कोवळी आहे तोवरच बांबूला बांधायची. सुतळी सैल राहिली तर वेल आपल्या मनानं जाते. आणि खोड जून झालं की बांधून उपयोग नाही." मी इतकी वर्षं समजावतेय, इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. वाढीचा जोर असतो त्याच काळात बाक भराभर वाढतो. मुलींमध्ये हा जोर पाळी सुरू होण्याच्या थोडा आधी सगळ्यात जास्त असतो आणि नंतर साधारण दोन वर्षांत उंची थांबत येते. ब्रेसचं काम तेवढ्याच काळाचं. त्या गृहस्थांनी फवारणीच्या वहीतच एक रकाना आखला: ब्रेस घातला किती वाजता, काढला किती वाजता. शेजारच्या रकान्यात औषधाचं प्रमाण.

व्यायामाचं विचारता ना, तर व्यायाम हवेतच. पण ब्रेसच्या जोडीला, ब्रेसच्या जागी नाही. बाक लहान असताना नुसते व्यायाम करून बाकावर लक्ष ठेवता येतं, मोठ्या बाकाला आणि वाढत्या वयाला ते पुरत नाही. श्रोथ पद्धत तुम्ही ऐकली असेल. जर्मनीच्या काथरिना श्रोथ, जन्म 1894, त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. आरशासमोर उभं राहून, दबलेल्या बाजूत श्वास भरून पाठ सावरायची हे त्यांनी स्वतःवर करून बघितलं आणि 1921 पासून इतरांना शिकवलं. हे व्यायाम प्रत्येक बाकासाठी वेगळे. उजवीकडे छातीच्या पातळीवर बाक असलेल्या मुलीला जे शिकवेन, ते डावीकडे कमरेला बाक असलेल्या मुलाने केलं तर उलटं होईल. म्हणून मी इथे करून दाखवत नाही. "मॅडम टाळताय" असं काहींनी लिहिलंय, पण मी खरंच घाबरते त्याला. समोर बसून शिका.

सूर्यनमस्कार, पोहणं, बारला लटकणं, सगळं जरूर करा, तब्येतीला उत्तम. बाक त्याने सरळ होत नाही. आणि फोनवर जाहिरातीत दिसतात ते खांदे मागे ओढणारे पट्टे, ते ब्रेस नाहीत. त्यात ना ते पॅड, ना मोकळी जागा. त्यावर पैसे घालवू नका, कळकळीने सांगते.

उन्हाळ्याचं. बनियन दुपारी बदला, दोन-तीन जास्तीची ठेवा. पॅडखाली कातडी लाल दिसते, ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली तर चिंता नको. राहिली किंवा फोड आला तर दाखवा. आणि खोबरेल तेल लावू नका हो! मायेने लावता, पण कातडी मऊ पडते आणि मग तिथेच सोलवटते. ब्रेसखाली तेल नाही, क्रीम नाही, पावडरचे थर नाहीत. खेळायला ब्रेस काढा, बिनधास्त खेळू द्या, फक्त आल्यावर लगेच घाला. जेवण थोडं-थोडं द्या, ब्रेस घालून एकदम पोटभर जात नाही.

आता हा व्हिडिओ थांबवा आणि घरातला ब्रेस घेऊन या. पट्ट्यावर रेघ आहे का बघा. नसेल तर ब्रेस बनवणाऱ्याकडून मारून घ्या. असेल तर व्हेल्क्रो कुठे पिंजारलाय, रेघेवर की अलीकडे, ते खाली कमेंटमध्ये लिहा. रात्री बसून एकेकाला उत्तर देते.