पाठदुखी असणाऱ्यांनी क्रूझर निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांची कंबर किंवा पाठ वारंवार दुखते, पण ज्यांना मोटारसायकल सोडवत नाही, अशा स्वारांशी आज मला बोलायचे आहे. त्यांना पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो की क्रूझर घ्या, कारण तिची सीट ठेंगणी आणि रुंद असते, हँडल हाताशी येते आणि पाय पुढे मोकळे सोडता येतात. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. दुकानात उभ्या असलेल्या गाडीवर बसल्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखे वाटते हे खरे. मात्र हलणाऱ्या, हादरे खाणाऱ्या गाडीवर तीच बैठक कण्यावर कसा भार टाकते, हे त्या दहा मिनिटांत कळत नाही.

कमरेच्या पाच मणक्यांना पुढच्या बाजूला एक नैसर्गिक बाक असतो. आपण ताठ उभे असतो तेव्हा तो टिकून राहतो. बसल्यावर, त्यातही पाय लांब पुढे टाकून बसल्यावर, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, कमरेखालचा हाडांचा सांगाडा मागे कलतो आणि हा बाक सपाट होतो. मग दोन मणक्यांमधली चकती पुढून दाबली जाते आणि तिच्या मागच्या, म्हणजे मज्जातंतूंकडच्या, बाजूवर ताण येतो. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधार न घेता बसलेल्या माणसात तो उभ्या माणसापेक्षा जास्त आढळला होता. पुढच्या काळातील मोजमापांत हा फरक कमीजास्त दिसला, तरी पोक काढून बसण्याने दाब वाढतो ही गोष्ट कायम राहिली.

म्हणून क्रूझर पाहायला गेल्यावर सीटकडे पाहण्याआधी फूटरेस्ट कुठे आहेत ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे. ते पाय सरळ पुढे ताणायला लावतील इतके दूर असतील, तर दुखऱ्या पाठीच्या माणसाने ती गाडी कितीही आवडली तरी बाजूला ठेवावी. कारण केवळ बैठकीचे नाही. फूटरेस्ट गुडघ्याखाली असले की खड्डा दिसताच पायांवर भार घेऊन अंग क्षणभर सीटवरून हलके करता येते आणि गुडघे तो धक्का पचवतात. पाय पुढे असले की ही सोय उरत नाही, आणि प्रत्येक धक्का माकडहाडातून सरळ वर कण्यात जातो. सुदैवाने सगळ्याच क्रूझर पाय पुढे टाकायला लावत नाहीत. होंडाच्या रेबेल ५००चे किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या स्ट्रीट बॉबचे फूटरेस्ट मध्यभागी असतात. कावासाकी व्हल्कन एसमध्ये ते स्वाराच्या उंचीप्रमाणे पुढेमागे बसवून घेता येतात, आणि हार्लेच्याच हेरिटेज क्लासिकसारख्या गाडीला लांब फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायच्या पाट्या, असल्याने प्रवासात पायांची जागा बदलत राहता येते. दुखऱ्या पाठीला एकाच स्थितीत जखडून राहण्याइतके त्रासदायक दुसरे काही नसते, त्यामुळे जागा बदलण्याची ही मुभा फार मोलाची आहे.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकॲब्सॉर्बरची. खरेदीच्या वेळी याबद्दल फार थोडे लोक विचारतात, आणि पाठीच्या दृष्टीने मला तर ही सर्वांत महत्त्वाची वाटते. सीट खाली आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागच्या चाकाला वरखाली हलायला मिळणारी जागा कमी करणे, आणि अनेक ठेंगण्या क्रूझरमध्ये तेच केलेले असते. हार्लेच्या स्पोर्टस्टर एस या गाडीत २०२१ साली ही हालचाल सुमारे ५० मिलीमीटर होती, आणि पुढे २०२५च्या आवृत्तीत कंपनीने ती सुमारे ८० मिलीमीटरपर्यंत वाढवली. रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर ६५०मध्ये ती १०१ मिलीमीटर आहे, तर खडबडीत वाटांसाठी बनवलेल्या अनेक साहसी मोटारसायकलींमध्ये २००च्या आसपास असते. हालचाल तोकडी असली की मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग तळाला आपटते आणि उरलेला सगळा धक्का स्वाराला सोसावा लागतो. माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो; तो शोधून वाचावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाठ दुखू लागली की दोष बहुधा इंजिनाच्या थरथरीला दिला जातो. ती थरथर वेगवान असते, आणि तिने मुख्यतः हातापायांना मुंग्या येतात. बसलेल्या माणसाचा कणा सर्वांत जास्त संवेदनशील असतो तो सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांना, आणि हे हेलकावे येतात रस्ता, टायर, स्प्रिंग आणि सीट यांच्यातून. म्हणूनच इंजिन मऊ चालते एवढ्यावरून गाडी पाठीला मानवेल असे धरून चालू नये.

गाडी घेतल्यानंतर मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, आपल्या वजनाप्रमाणे लावून घेणे, हे फुकटात मिळणारे औषध आहे आणि तरीही बहुसंख्य गाड्या कारखान्यातून आल्या तशाच चालवल्या जातात. नेहमीचे कपडे घालून आणि सामान लादून स्वार बसला की मागची बाजू एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावी, असा ठोकताळा आहे. टायरमधली हवाही कंपनीने सांगितलेल्या दाबाएवढीच असावी, कारण ती जास्त झाली की चाक टणक होते.

सीटबद्दल थोडक्यात सांगतो. बोटाने दाबल्यावर खोल जाणारी सीट चांगली, हा समज सोडून द्यावा. फार मऊ फोम अर्ध्या तासात दबून जातो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे होते. बसण्याच्या दोन्ही हाडांना आधार देणारी, किंचित घट्ट आणि बऱ्यापैकी सपाट सीट बरी. कमरेला टेकण असेल तर उत्तमच. मात्र त्याचा आधार कमरेच्या बाकाला मिळायला हवा. फक्त वरच्या पाठीला मागे ओढणारे टेकण उपयोगाचे नाही. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे आणि खांदे पुढे ओढले जाऊ नयेत. हँडल दूर वाटले तर रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा जोडभाग, लावून ते जवळ आणता येते. महामार्गावर चालवायची असेल तर पुढे काच हवीच, कारण ताठ बसलेल्या स्वाराच्या छातीवर वारा आदळत राहतो आणि तो हँडलला धरून स्वतःला खेचत राहिला की पाठीचे स्नायू तासाभरात थकतात.

वजनाचा विचार मात्र चालवताना नव्हे, तर गाडी थांबल्यावर करावा. धावत्या गाडीचे वजन जाणवत नाही. ते जाणवते चढावर ती मागे ढकलताना, साइड स्टँडवरून उभी करताना आणि कंबर वळवून अरुंद जागेतून बाहेर काढताना. कंबर वाकलेली आणि वळलेली असतानाच जोर लावणे, हे चकतीच्या रुग्णासाठी सर्वांत धोक्याचे. सुपर मिटिऑर ६५०चे वजन २४१ किलो आहे आणि मिटिऑर ३५०चे १९१ किलो. पन्नास किलोंचा हा फरक दुखऱ्या पाठीला रोज मोजावा लागतो. होंडा गोल्ड विंगसारख्या अवजड गाडीला उलट चालण्याची सोय दिलेली असते, ती याच कारणाने.

आता एक गोष्ट जी गाडी विकणारा सांगू शकणार नाही. सगळ्या पाठदुख्या सारख्या नसतात. चकती सरकलेल्या माणसाला पुढे वाकल्याने त्रास वाढतो, तर मज्जारज्जूची वाट अरुंद झालेल्या माणसाला किंचित पुढे झुकल्यावर आराम पडतो. या दुसऱ्या माणसासाठी कधी कधी क्रूझर ही योग्य गाडीच नसते, आणि जवळपास सरळ, किंचित पुढे झुकणाऱ्या बैठकीची साधी किंवा साहसी मोटारसायकल त्याला अधिक मानवते. तेव्हा आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना आपला आजार नेमका कोणता, कोणती हालचाल टाळायची, हे विचारावे आणि मग दुकानाची पायरी चढावी. पायात बळ कमी होणे, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही जाणवले तर गाडीचा विषय तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निवड दोन-तीन गाड्यांवर आली की चौकातली पाच मिनिटांची फेरी पुरेशी मानू नका. शक्य असेल तर ती गाडी एक दिवस भाड्याने घ्या, नेहमीचे हेल्मेट, जाकीट आणि बूट घाला, गतिरोधक आणि खराब रस्ता मुद्दाम त्यात येऊ द्या, आणि दर पाऊण-एक तासाने उतरून चार पावले चाला. त्या संध्याकाळी पैसे भरू नका. पाठ पुष्कळदा उशिरा बोलते; दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना ती काय म्हणते ते पाहून मगच दुकानदाराला होकार कळवा. नमस्कार.