शिपाई रजेवर असता तर?

नमस्कार श्रोतेहो, समस्त नाशिककरांना रामराम.

मागच्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका मावशींबरोबर मी एका सरकारी ऑफिसात गेले होते, ऑफिसचं नाव नको. मावशी दरवर्षी आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला येतात, त्यांना मुलीचा जातीचा दाखला हवा होता. त्यांची बोली कोकणा, आपली मराठी समजते पण घाबरल्या की शब्द सुचत नाहीत, आणि खिडकीतले साहेब तीनदा म्हणाले, "अहो नीट मराठीत बोला ना!" मावशी गप्पच झाल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशन कार्ड आणि सासऱ्यांच्या नावाचा घडी पडून फाटायला आलेला उतारा, तो काढायचा की नाही हेही त्यांना कळेना. तेवढ्यात सुरगाण्याकडचा एक शिपाई आला, त्यांच्याच बोलीत दोन वाक्यं बोलला आणि दहा मिनिटांत काम झालं.

मला आनंद झाला, पण घरी येताना एकच डोक्यात, तो शिपाई त्या दिवशी रजेवर असता तर?

आज मला याच्यावरच बोलायचंय. अनेक जमाती, अनेक भाषा असलेल्या देशात न्यायाचा कारभार कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, तो लिहून ठेवावा लागतो. आणि नुसती डोकी मोजूनही भागत नाही. आपल्या काळाराम मंदिराचंच बघा, २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला, तरी दार उघडलं नाही. त्या वेळी गावात मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता सांगा बरं? म्हणून तर घटनेत मूलभूत हक्क आहेत, १७ वं कलम अस्पृश्यता संपवतं ते गावाला विचारून नाही. बहुमत कितीही मोठं असो, काही गोष्टी त्याच्या हाताबाहेरच असायला हव्यात.

हे नसलं की काय होतं ते श्रीलंकेनं भोगलं. १९५६ मध्ये कायदा केला, राजभाषा फक्त सिंहली, आता पार्लमेंटमध्ये बहुमत होतं म्हणजे नियमानं सगळं बरोबरच की, पण सरकारी नोकरीतल्या तमिळ माणसाला आपल्याच देशात एकदम परकं झाल्यासारखं वाटलं, चिडाचीड वाढत गेली आणि १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध चाललं. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये, तोवर फार उशीर झाला होता.

नायजेरियाचा नियम मला मनापासून आवडतो. तिथंही १९६७ ते ७० यादवी युद्ध झालं, आणि त्यानंतर १९७९ च्या घटनेत त्यांनी घातलं की राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर नुसती जास्त मतं पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं पाहिजेत. म्हणजे आपल्या जमातीच्या जोरावर निवडून येताच येत नाही, दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. पहिल्याच निवडणुकीत, १९ राज्यांचे दोन तृतीयांश म्हणजे बारा की तेरा, यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, पण नियम टिकला.

मात्र वाटे पाडून ठेवणं हाही इलाज नाही हं. बोस्नियात १९९५ च्या करारानं तीन जणांचं अध्यक्षमंडळ केलं, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. मग ज्यू माणसानं काय करायचं, रोमा नावाच्या अल्पसंख्य समाजातल्या माणसानं काय करायचं? दोघं युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकलेसुद्धा. समूहाला संरक्षण द्यायचंच, पण त्यात बसत नाही त्या एकट्या माणसाचं नागरिकत्व कमी होता कामा नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या घटनेनं हे बरंचसं सांभाळलंय. आदिवासी भागांच्या कारभारासाठी पाचवी अनुसूची आहे, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, पेठ-सुरगाण्याच्या गावांत भूसंपादनाआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. आणि ३५० वं कलम, जे मला स्वतःला या मावशींमुळं वाचावंसं वाटलं, ते म्हणतं की तक्रारीचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, कुठल्याही अधिकाऱ्याला. खिडकीवर मात्र हे कुणी सांगत नाही, पाटीही नसते, आणि याचा मला खरंच राग येतो.

मावशींच्या धाकट्या मुलाचा दाखला अजून बाकी आहे. या खेपेला अडलं तर द्यायला निवेदन त्यांच्याच बोलीत, देवनागरीत लिहून ठेवलंय, त्या सांगत होत्या आणि त्यांची मुलगी लिहीत होती, आणि सगळ्यात वर, तारखेच्या खाली, तिनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, कलम ३५०. सोमवारी आम्ही तिघी जाणार आहोत.