डाळिंब, इंजेक्शन आणि तळ्याकाठची सकाळ

[दृश्य : सोलापूर मार्केट यार्ड. डाळिंबांचे क्रेट, सौद्यांचा गलका.]

सोलापुरात कुणाला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला, की भेटायला येणारा पाहुणा डाळिंबं घेऊन येतो. सांगोल्याकडचा असेल तर पिशवी नाही, अख्खा क्रेट. पाहुण्याचं तरी काय चुकलं? पीक जिल्ह्याचं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन. शिवाय मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असतंच : डाळिंबाच्या रसानं प्रोस्टेट बरा होतो.

हे अगदीच हवेतून आलेलं नाही. २००६ मध्ये लॉस एंजलिसला एक प्रयोग झाला. ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर ज्यांचा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन; ते चढलं की कॅन्सर परतल्याची शंका येते) पुन्हा चढू लागला होता, अशा ४६ पुरुषांना रोज पाव लिटरच्या आसपास रस दिला. त्यांचा पीएसए दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत. ते ५४ महिन्यांवर गेलं, म्हणजे चढण मंदावली. बातमी जगभर झाली. पण रस न घेणारे लोक त्या प्रयोगात तुलनेला नव्हतेच. पुढे त्याच संशोधकांनी १८३ जणांवर पुन्हा तपासलं. काहींना डाळिंब, काहींना नुसतं तसं भासणारं काहीतरी. २०१५ मध्ये निकाल आला : सांगण्यासारखा फरक नाही.

ही दुसरी बातमी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

[दृश्य : पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांची खडखड. ओट्यावर बसलेले मामा.]

मामा चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. कॅन्सर हाडात गेला नव्हता, पण ग्रंथीच्या बाहेर डोकावला होता. रेडिएशन झालं, आता हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे.

हे इंजेक्शन करतं काय, ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोस्टेटच्या पेशी पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर वाढतात. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की तो पुरवठा तोडला तर हा कॅन्सर माघार घेतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तत्त्व आजही तेच : इंजेक्शन तो पुरवठा तोडतं. पण टेस्टोस्टेरॉन फक्त प्रोस्टेटला लागतं असं थोडंच आहे? स्नायू, हाडं, झोप, मूड, नवरा-बायकोतलं नातं, सगळ्याला ते लागतं. ते गेलं की पोट सुटतं, दंड उतरतात, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

आणि अंगातून वाफा निघतात.

"बायकांना पाळी जाताना होतंय म्हणत्यात की, तसंच," मामा सांगतात. "मे महिन्यात आधीच बेचाळीस डिग्री, त्यात आतनं हे. झोपंतनं उठून बसायलाव बगा."

मामींनी त्यावर उपाय काढला. उशाला सोलापुरी टॉवेल, ओला करून पिळलेला. रात्रीचा चहा बंद. शेंगाचटणी दुपारच्या भाकरीबरोबर, रात्री नाही. हे काही कुठल्या ग्रंथात नाही. कशानं वाफ उसळते हे मामींनी आठवडाभर नुसतं पाहिलं. चटणी पूर्ण बंद करा म्हणणारेही भेटले; पण सोलापूरकराची चटणी कायमची तोडणं हा माझ्या मते औषधापेक्षा जालीम इलाज झाला.

[दृश्य : पहाट. सिद्धेश्वर तलाव. फिरायला आलेली माणसं.]

डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मामा वैतागले. "आयुष्यभर मागापुढं उभा राहिलाव. आता अजून चालू?"

चालायचंच. नुसतं चालूनही भागत नाही. हार्मोन थेरपीत स्नायू टिकवायचे आणि थकवा कमी करायचा, तर वजन पेलण्याचा व्यायाम लागतो. या बाबतीतला पुरावा पक्का आहे. थकलेल्या माणसाला 'आराम करा' म्हणणं आपल्याला मायेचं वाटतं. या थकव्यात मात्र नुसतं पडून राहिलं तर तो वाढत जातो.

जिम नको. मामा खुर्चीवरून हात न टेकता उठतात, बसतात, पुन्हा उठतात. पाचव्यांदा मांड्या थरथरतात, तिथं थांबून दम घेतात. मग भिंतीला हात लावून जोर. मग तेलाचा पाच लिटरचा कॅन, पाण्यानं भरलेला, दोन्ही हातांनी छातीपर्यंत. ज्यांच्या हाडात कॅन्सर पोचलाय त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मणका दुखावला तर निस्तरणं अवघड जातं.

योगासनंही जरूर करावीत. रेडिएशन चालू असताना आठवड्यातून दोनदा योग करणाऱ्यांना थकवा कमी जाणवला, लघवीचा त्रासही कमी झाला, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. गाठ विरघळली, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

[दृश्य : स्वयंपाकघर. मामी ज्वारीचं पीठ मळताना.]

खाण्याचं थोडक्यात. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी : यानं वजन आणि साखर आटोक्यात राहते, हृदय सांभाळलं जातं. प्रोस्टेटच्या पेशंटला हृदयाचा धोका विसरून चालत नाही. डाळिंब दाणे काढून खावं. इंजेक्शनवर साखर चढत असताना रोज ग्लासभर रस कशाला? भाज्यांनी कॅन्सर रोखला जातो का, हेही तपासून झालंय. ज्यांना लगेच उपचारांची गरज नव्हती अशा ४७८ पुरुषांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भाज्या वाढवूनही दोन वर्षांत आजाराच्या वाढीत फरक पडला नाही.

गोळ्या आणि चूर्णांवर मात्र जरा थांबावं लागेल, कारण पैसा तिथं जातो. 'व्हिटॅमिन आहे, नुकसान तर नाही ना?' असं आपण म्हणतो. ३५ हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची चाचणी झाली, प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का ते पाहायला. २०११ चा निकाल असा, की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. अमेरिकेत 'पीसी-स्पेस' नावाची आठ वनस्पतींची कॅप्सूल विकली जायची. ती घेतली की पीएसए खरोखर उतरायचा. लोक म्हणायचे, बघा निसर्गाची ताकद. प्रयोगशाळेत तपासलं तर आत कृत्रिम स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारं औषध सापडलं. २००२ मध्ये ती बाजारातून गेली. म्हणून कुणी चूर्णाची पुडी देऊन 'महिन्यात पीएसए खाली' म्हणालं, तर पुडी फेकू नका; डॉक्टरांपुढे ठेवा. आत काय आहे, हे निदान त्यांना कळलं पाहिजे.

[दृश्य : बार्शी रस्ता. एसटीच्या खिडकीतून ज्वारीची रानं.]

या जिल्ह्याला कॅन्सरचं भान उशिरा आलं असं नाही. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. तरी लघवीचं दुखणं पुरुष दडवतो. धार बारीक झाली, रात्री चारदा उठावं लागतं. 'वय झालं' म्हणून सोडून देतो. एसटीत बसायचं तर सकाळपासून पाणी पीत नाही.

त्याहून जास्त दडवतो ते दुसरंच. इंजेक्शननं इच्छा मावळते, हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बाहेरच्या खोलीत झोपू लागले. मामींना वाटलं, चिडलेत. मामांना वाटलं, तिला कळलं तर काय म्हणेल. एकाच घरात असं कितीतरी दिवस चाललं.

पुढच्या तपासणीला मामांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेले. हाडांची घनता तपासायची का? कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी किती घ्यायचं? ते विचारून झाले. मामा उठले. मामी बसूनच राहिल्या. "डॉक्टर, ह्ये माझ्याशी बोलत न्हाईत. इंजेक्शनमुळं का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मामा, बसा. हे मी आधीच सांगायला हवं होतं. हा इंजेक्शनचाच परिणाम आहे, तुमचा दोष नाही. इंजेक्शन थांबल्यावर बऱ्याच जणांत हळूहळू सुधारतं, काहींत नाही. तोवर यावरही इलाज आहेत, पण दोघांनी मिळून यायचं."

[दृश्य : दवाखान्याबाहेर चहाची टपरी. मामा-मामी.]

"दोघांनी यायचं म्हणला न्हवं त्यो?" मामा विचारतात.

"म्हणला की," मामी म्हणतात. "अन् चहा अर्धाच प्या."