तोंड 2 फूट, पोट 64 घनफूट

(दृश्य : जुन्या कापडाची साधी पिशवी. एक हात तिच्यात कोपरापर्यंत जातो, मग खांद्यापर्यंत.)

बाहेरून ही साधी पिशवी. तोंडाशी साधारण 2 फूट, खोली 4 फूट. पण आत 500 पौंड, म्हणजे जवळपास 227 किलो माल राहतो. 2014 च्या नियमांत, पिशवी भरलेली असो की रिकामी, उचलणाऱ्याला वजन कायम 15 पौंड, सात किलोच्याही आत. नाव बॅग ऑफ होल्डिंग. ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातली जादूची पिशवी. पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्या पहिल्या नियमांतही ही पिशवी होती. तेव्हा तिचं माप सोन्याच्या नाण्यांत दिलं होतं : 10,000 नाणी भरा, वजन 300 नाण्यांएवढं.

आज सांगलीत विश्रामबागच्या एका गच्चीवर दर रविवारी हा खेळ मराठीतून चालतो. सतरंजीवर फासे, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) आणि भडंगाची परात. मंत्रांची नावं इंग्रजी, वाद सगळे मराठी. आणि यातले सगळ्यात चांगले वाद या पिशवीवरून होतात, असं मी मनापासून म्हणते. ड्रॅगनशी लढताना फासा काय पडतो ते बघायचं असतं. पिशवीपाशी मात्र विचार करावा लागतो.

पहिला वाद मापाचा. नियम दोन मर्यादा सांगतो : वजन 500 पौंड आणि जागा 64 घनफूट. दोन्हींपैकी जी आधी संपेल ती खरी. हळदीची 50 किलोंची पोती भरली, तर चार पोत्यांवर आणखी 27 किलो, की वजन संपलं. आत जागा भरपूर उरलेली असते, तरी उपयोग नाही. कापूस भरला, तर उलट होईल. आता 64 घनफूट म्हणजे सगळीकडून 4 फुटांची खोली. मग 2 फुटांच्या तोंडातून 3 फूट रुंदीचा पेटारा आत जाईल का? नियमांचं पुस्तक यावर स्पष्ट बोलत नाही. इथली डीएम, म्हणजे खेळ चालवणारी मुलगी, म्हणते : नाही. तोंडातून जे जाईल तेच आत. बरोबरच आहे तिचं. तोंड लहान असणं हीच या पिशवीची गंमत आहे.

(दृश्य : हरिपूरचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. मग जमिनीतल्या एका पेवाचं तोंड.)

हे तिला पटवून द्यावं लागलं नाही, कारण ती हरिपूरची. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद जमिनीखाली पेवांत साठवायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. वरून दिसायचं फक्त झाकण आणि माती, आत व्यापाऱ्याचा अख्खा माल. हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं निकामी झाली. आजोबांकडून तिनं एक गोष्ट ऐकलेली : पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, मग दिवा खाली सोडायचा. दिवा विझला, तर माणूसही तिथं जगणार नाही.

पिशवीच्या नियमातही नेमकी हीच काळजी आहे. आत जिवंत माणूस बसला, तर हवा 10 मिनिटांची. दोघं बसले तर पाच-पाच मिनिटं, चौघं बसले तर अडीच. त्यानंतर गुदमरणं सुरू. खेळातल्या मागच्या मोहिमेत चौघा खेळाडूंनी ठरवलं होतं, तिघांनी पिशवीत बसायचं आणि एकानं गाडीवाल्याच्या वेशात किल्ल्याचा दरवाजा ओलांडायचा.

“अरे, चिलखत घालून बसणार हायस का आत?” एकानं विचारलं. “वजन मोज की आधी.”

पोलादी पूर्ण चिलखत एकटंच 65 पौंडांचं. तिघांची चिलखतं काढून घोड्यावर लादावी लागली आणि पहारेकऱ्याला ती कुणाची, याचं उत्तर तयार ठेवावं लागलं. कथा तिथंच रंगली.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र त्यांच्या मांत्रिकाची. तो मेलेल्यांचे सांगाडे उठवतो. सांगाड्यांना श्वास लागत नाही, म्हणजे दहा मिनिटांची अट त्यांना नाही. हाडंच ती, वजनही बेताचं. अडचण एकच. पिशवीतून एक वस्तू काढायला एक अ‍ॅक्शन लागते, एका फेरीत अशी एकच कृती करता येते, आणि लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची. चार सांगाडे काढायला चार फेऱ्या, तोवर शत्रू स्वस्थ उभा राहील का? त्यानं नियम पुन्हा वाचला आणि पिशवी उलटी केली. पिशवी आतली बाहेर केली, की सगळं धडधाकट बाहेर सांडतं. पुन्हा वापरायची तर आधी ती सरळ करावी लागते, एवढंच. उलटी करायला किती वेळ, हे पुस्तकात नाही. डीएमनं एक अ‍ॅक्शन धरली. योग्य निवाडा होता.

हवी ती वस्तू आपोआप हाताला लागते का, हा वाद लवकर मिटतो. हँडी हॅवरसॅक नावाच्या दुसऱ्या जादूच्या पाठपिशवीत हवी ती वस्तू कायम वरच असते, असं स्पष्ट लिहिलंय. या पिशवीबद्दल तसं लिहिलेलं नाही.

धारदार वस्तूंचा वाद जुना. 2003 च्या नियमांत टोकदार वस्तू आतून किंवा बाहेरून टोचली तरी पिशवी फाटायची, असं होतं. 2014 च्या पुस्तकात ‘आतून-बाहेरून’ हे शब्द गेले, फाटण्याची भीती राहिली. म्हणून या गच्चीवर तलवार म्यानातच ठेवून आत टाकतात.

आणि एक युक्ती डीएमनं थेट बंद केली आहे. पोर्टेबल होल म्हणजे घडी करता येणारं काळं कापड. अंथरलं की 6 फूट व्यासाचा, 10 फूट खोल खड्डा. ते या पिशवीत घातलं, की दोन्ही नष्ट होतात आणि 10 फुटांतला प्रत्येक जण दुसऱ्या जगात, म्हणजे अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये ओढला जातो. जीव वाचवायला फासा टाकण्याची संधीसुद्धा नाही. बाणाच्या टोकाला हे बांधून सोडायचं, हा बेत जगभरच्या खेळाडूंना सुचलाय. एका बाणात मोठा खलनायक गेला, तर बाकीच्यांनी वर्षभर केलं काय? मी तिच्या बाजूची आहे.

(दृश्य : पावसाळ्यातली कृष्णा, पाणी चढलेलं. मग पुन्हा फासे.)

गेल्या रविवारी पात्रं एका नदीच्या तळाशी अडकली. एकाला सुचलं : पिशवीत हवा आहे, पाण्याखाली तोंड उघडून श्वास घेऊ.

कृष्णाकाठी वाढलेल्या पोरांना पाण्याचं वजन समजावून सांगावं लागत नाही. 2019 चा पूर त्यांनी घरातून बघितलाय. पिशवी पूर्ण पाण्यानं भरली तर वजन 1,800 किलोंच्या वर. मर्यादा 227. तरी बराच वेळ चर्चा झाली. पाणी आत घुसेल की आतली हवा त्याला अडवेल? तोंड खाली धरलं तर? डीएमनं तोंड खाली धरायची मुभा दिली आणि पकड टिकते का, ते बघायला फासा टाकायला लावला.

तीन पडले. पाणी आत शिरलं, वजन मर्यादेबाहेर गेलं, पिशवी फुटली. आतलं सगळं अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये विखुरलं. सोनं, नकाशा, आणि दोन सांगाडे.

आता चौघांनी हरवलेल्या मालाची यादी केलीय. तिकडं जायला प्लेन शिफ्ट हा मंत्र चालेल, पण तो सातव्या पातळीचा. तो मिळवायला मांत्रिकाला स्वतःची तेरावी लेव्हल गाठावी लागेल. सध्या तो सहाव्या लेव्हलवर आहे. सांगाडे तिथं थांबतील, त्यांना भूक लागत नाही. नकाशाचं काय करायचं, यावर वाद अजून चालू आहे.