पत्र्याचा ससा

इंग्लंडमधलं हे रान. खाली ओला पाचोळा आणि झुडपाच्या बुडाशी एक काळा ससा. ससा पत्र्याचा आहे. त्याच्या छातीवर रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक दिसतंय? छर्रा नेमका त्यातून गेला, तरच मागची पट्टी ढकलली जाते आणि ससा आडवा होतो. दोरी ओढली की पुढच्या नेमबाजासाठी पुन्हा उभा.

हा खेळ म्हणजे हंटर फील्ड टार्गेट. फील्ड टार्गेट, म्हणजे एअर रायफलने पत्र्याची लक्ष्यं पाडण्याचा खेळ, 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजला. त्याचंच हे शिकारीशी जास्त जवळचं रूप. हत्यार एअर रायफल, छर्ऱ्याची ताकद 12 फूट-पाउंडांच्या (ऊर्जेचं एकक) आत. त्यापुढे गेलं की तिथला कायदा परवाना मागतो.

रानात 30 लक्ष्यं लपवलेली असतात. कुणी झाडाच्या फांदीवर, कुणी उतारावर, सावलीत. अंतर 8 ते 45 यार्डांमधलं काहीही, पण ते कुणी सांगत नाही. प्रत्येक लक्ष्यासमोर एक खुंटी रोवलेली. बंदुकीचा किंवा अंगाचा काही भाग खुंटीला टेकवायचा आणि एकच गोळी झाडायची. बहुतेक जण पालथे पडून नेम धरतात, काही लक्ष्यांवर मात्र गुडघ्यावर किंवा उभं राहूनच मारावं लागतं.

खरी मेख स्कोपमध्ये, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीत आहे. स्पर्धा सुरू झाली की नेम वर-खाली सरकवणाऱ्या त्याच्या चकत्यांना हात लावायचा नाही. नळी स्कोपच्या खाली असते, त्यामुळे छर्रा अगदी जवळच्या लक्ष्यावर खाली लागतो, मधल्या अंतरावर नजरेच्या रेषेत येतो आणि लांब गेल्यावर परत खाली उतरतो. म्हणजे आठ यार्डांवरच्या उंदरालाही नेम वर धरायचा, चाळीसवरच्या कावळ्यालाही. किती वर, ते आपल्या अंदाजाने. त्यात छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, पानं हलवणारी झुळूकही त्याला बाजूला नेते.

लक्ष्य पडलं तर दोन गुण. भोक चुकून छर्रा नुसता पत्र्यावर लागला, तरी एक गुण मिळतो. हा नियम आम्हाला खटकतो. खऱ्या रानात पत्र्यावरचा तो ठोका म्हणजे जखमी होऊन झुडपात पळालेलं जनावर, जे पुढे तासन्‌तास तडफडत राहतं. चांगला शिकारी त्याच एका गोष्टीला घाबरतो आणि खात्री नसेल तर चाप ओढत नाही. मूळ फील्ड टार्गेटमध्ये अशा ठोक्याला शून्य आहे. शिकारीचं नाव लावणाऱ्या खेळानेही तोच हिशेब ठेवायला हवा.