गणपतीला गावी जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठ सरत आला की मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरी एकच विषय निघतो: यंदा गणपतीला गावी कसं जायचं? माझी कळकळीची विनंती आहे, दारात गाडी उभी असली तरी या वेळी रेल्वेने जा.

आपली निघायची रीत आठवून बघा. दिवसभर नोकरी, मग रात्री दहाला सामान आणि मुलं गाडीत घालून निघायचं. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी येईपर्यंत दोन-तीन वाजतात. माझ्या मावसभावाचा तिथेच क्षणभर डोळा लागला. वहिनी ओरडली, म्हणून गाडी कठड्यापाशी थांबली. मागच्या सीटवर दोन्ही मुलं गाढ झोपेत होती. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा आकडा वाचताना मला ती दोन मुलंच दिसतात.

रेल्वे चालवणाराही माणूसच. पण तो दिवसभर राबून मग गाडी चालवायला बसलेला नसतो. पुढे सिग्नल असतो, पावसात रुळांवर गस्त घालणारे असतात, आणि ओव्हरटेक करत समोरून कुणी अंगावर येत नाही.

कोकण रेल्वेवर अपघात झालेच नाहीत, असं नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच पावसाळ्यात मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर दरडींवर जाळ्या बसल्या, डोंगरांचे उतार कमी केले गेले, पावसाळ्यात वेगावर बंधनं आली. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो. तो उशीर आपल्यासाठीच आहे हो!

आता तिकिटाचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे बहुतेक वर्षी आषाढ लागतानाच. कालनिर्णय काढा आणि आजच मागे मोजा. मिनिटांत जागा संपतात हे खरं, पण पुढे गणपती स्पेशल गाड्या जाहीर होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. स्टेशनापासून वाडी लांब असेल तर गावच्या रिक्षावाल्याला आधीच फोन करून ठेवा. आणि गाडीनेच जाणं भाग असेल, तर रात्री पोटभर झोपा, उजाडल्यावर निघा.

रेल्वेत मुलांना खिडकी द्या. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की झोपली असतील तर उठवा. तो संपला की रत्नागिरी आलंच.