कॉक्लिअर इम्प्लांटच्या आधी सीटी पण आणि एमआरआय पण? कशाला?

तर मंडळी, बेरा टेस्ट (आवाज कानापासून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी) झाली, हिअरिंग एड लावूनही फरक नाही हे कळलं, म्हणून ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, सुचवलं, आणि आता डॉक्टर म्हणतायत सीटी करा, एमआरआय पण करा. घरच्यांना वाटतं, एकच कान, दोनदा फोटो कशाला? पण दोघांचं काम वेगळंय.

सीटी हाड बघतो. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा भाग, गोगलगाईच्या शंखासारखी गोष्ट, वाटाण्याएवढी, साधारण अडीच वेढ्यांची, आणि गंमत म्हणजे जन्मतःच ती मोठ्या माणसाएवढी असते, म्हणून तर तान्ह्या बाळालाही इम्प्लांट बसतं. वेढे पुरे आहेत का ते सीटीत दिसतं. काहींना दीडच असतात, मोंडिनी नावाच्या डॉक्टरने हे १७९१ सालीच लिहून ठेवलंय. आणि चेहऱ्याची नस कुठून जातेय तेही बघतात, कारण सर्जनचं ड्रिल तिला अगदी खेटून जातं, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आता एमआरआय. माझा आवडता भाग! कानाच्या नसा ज्या बोगद्यातून मेंदूकडे जातात त्याचा तिरका छेद घेतात, आणि नसांभोवतीच्या, फोटोत पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या पाण्यात चार काळे ठिपके दिसतात, म्हणजे चार नसा. पुढे वर चेहऱ्याची नस, तिच्याखाली ऐकण्याची, मागच्या दोन तोल सांभाळणाऱ्या. ऐकण्याचा ठिपका शेजारच्या चेहऱ्याच्या ठिपक्याएवढा किंवा जरा जाड हवा. बारीक असला तर फायदा कमी होऊ शकतो, दिसलाच नाही तर मग थेट मेंदूच्या देठावर बसवायच्या इम्प्लांटचाही विचार होतो, अर्थात एकट्या फोटोवर निकाल लावत नाहीत, ऐकण्याच्या टेस्ट सोबत बघतातच.

आणि मेनिंजायटिसमुळे (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) ऐकू येणं गेलं असेल तर प्लीज थांबू नका. कॉक्लियातलं पाणी आटून तिथे आधी तंतू आणि मग चक्क हाड धरायला लागतं, काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं ते. सीटीत हाड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, एमआरआयमध्ये पांढरं पाणी नाहीसं झालेलं आधीच कळतं.

सीटी काही सेकंदांत उरकतो, एमआरआयला मात्र अर्धा-पाऊण तास आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट, म्हणून लहान मुलांना बहुतेकदा झोपेचं औषध किंवा भूल देऊन करतात. आणि हो, इम्प्लांटमध्ये मॅग्नेट असतो, तो बसल्यावर त्या बाजूच्या एमआरआयवर मोठा काळा डाग पडतो, तेव्हा जे बघायचं ते ऑपरेशनच्या आधीच नीट बघून घ्या.